वरकस पाच एकर, रत्नागिरी जिल्हा : लाकडासाठी कोणती झाडं लावावीत?

वरकसदार

नमस्कार मंडळी,

संगमेश्वर तालुक्यात देवरुखच्या आतल्या बाजूला आमची वडिलोपार्जित जमीन आहे. भातखाचरं चुलतभाऊ कसतो. त्याच्या वरचा साधारण पाच एकरांचा उताराचा वरकस तुकडा मात्र कित्येक वर्षं पडीक आहे. पूर्वी तिथे नाचणी-वरी व्हायची. माणसं मुंबईला गेली तशी शेती थांबली आणि आता गवत, करवंदीच्या जाळ्या आणि मधे मधे ऐन-किंजळीचे फुटवे आहेत. खालच्या अंगाला ओढा, वरच्या टोकाला उघडा कातळ. रस्ता खालच्या कोपऱ्यापर्यंत येतो. तिथून वर बैलगाडीची वाट होती, ती बुजली.

मी ठाण्याला असतो, महिन्या-दोन महिन्यांनी गावी फेरी होते. आंबा-काजूची राखण मला झेपणार नाही, म्हणून लाकडाची झाडं लावावीत असं मनात आहे. घरात एकमत नाही. काका म्हणतात, साग लाव आणि विसरून जा. चुलतभाऊ आकेशियाच्या (ऑस्ट्रेलियन बाभळीच्या) बाजूचा. त्यातच मागच्या महिन्यात एक जण घरी येऊन महोगनीचं सांगून गेला. रोपं त्यांची, बारा वर्षांनी लाकूड तेच उचलणार, एकरी एक कोटी. हातात लॅमिनेट केलेला तक्ता होता : दहा बाय दहा फुटांवर एकरी ४३५ झाडं, प्रत्येक झाडाचं २५ घनफूट लाकूड. आईला तो तक्ता फार आवडला आहे.

ज्यांनी प्रत्यक्ष लावून, वाढवून, विकून पाहिलं आहे त्यांचं ऐकायचं आहे. पावसाळ्याआधी ठरवायचंय.

घनफुट्या

आधी तो तक्ता निकालात काढू.

आपल्याकडे लाकूड मोजतात ते घेराच्या चौथाईने. ओंडक्याच्या मध्यावरचा घेर इंचात घ्या, चाराने भागा, येईल त्याचा वर्ग करा, फुटातल्या लांबीने गुणा आणि १४४ ने भागा. घेर ४८ इंच, लांबी १० फूट असेल तर १० घनफूट. (खरं आकारमान यापेक्षा जास्त असतं, पावणेतेराच्या जवळपास. पण व्यापार याच हिशेबाने चालतो आणि वरून साल वजा होते ती वेगळी.)

आता २५ घनफूट यायचं तर वीस फुटांचा सरळ सोट हवा आणि त्याचा मध्यावरचा घेर ५४ इंच हवा. म्हणजे साडेचार फूट. असं एक झाड बारा वर्षांत होईलही, विहिरीच्या कडेला, एकटं, खतपाणी घालून. पण अशी ४३५ झाडं एका एकरात? सगळ्या खोडांच्या कापांचं क्षेत्रफळ एकत्र केलं तर हेक्टरी १६० चौरस मीटर भरतं. उत्तम राखलेल्या सागाच्या बागेत हा आकडा २० ते ३० असतो. तक्ता करणाऱ्याने एका झाडाचा आकडा घेऊन ४३५ ने गुणलाय, झाडांना एकमेकांची सावली लागते हे विसरून. घनफुटाला नऊशे रुपयांच्या वर दर धरलाय तो कुणी द्यायचा, हा प्रश्न तर अजून विचारलाच नाही.

१९९० च्या दशकात सागाच्या कंपन्यांनी असेच तक्ते वाटले होते. मध्यमवर्गीय घरांत त्या 'झाडांची' प्रमाणपत्रं फाईलला लावलेली असायची. शेवटी सेबीने १९९९ मध्ये सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम आणले. आता तेच नाटक महोगनी घेऊन आलंय, पात्रं बदलून.

मिरवेल

घनफुट्या, +१. वाचनखूण साठवली.

महोगनी झाड म्हणून वाईट नाही बरं का, लाकूड सुंदरच असतं. पण त्या नावाखाली दोन-तीन वेगवेगळी झाडं विकली जातात आणि शेंडा पोखरणारी अळी लागली की वरचा कोंब मरतो, बाजूने दोन-तीन फुटतात आणि सरळ सोट मिळायची आशा संपते. 'लाकूड आम्हीच उचलणार' असा कागद असेल तर त्यात दर लिहिलाय की 'त्या वेळचा बाजारभाव' लिहिलंय ते बघा. आणि रोपाची किंमत बघा. खरा धंदा तिथेच असतो.

वरकसदार

कागदावर 'तत्कालीन बाजारभाव' आणि रोप दोनशे रुपयांना. समजलो :)

मग साग? काकांचं म्हणणं की घराच्या मागे लावलेला साग काही न करता वाढला.

आलापल्ली

मी गडचिरोली जिल्ह्यातला. वनखात्यात नोकरी झाली, सगळी सागाच्याच सहवासात. भाऊ, घरामागचा साग आणि डोंगरावरचा साग यांत फरक आहे. घरामागे माती असते, मोरीचं पाणी असतं, गुरं आत येत नाहीत.

साग जमीन बघतो. खोल, निचरा होणारी, गाळाची मिळाली की तो राजासारखा वाढतो. केरळात निलांबूरला १८४० च्या दशकात लावलेला साग अजून उभा आहे, लोक बघायला जातात. पण तो उभा आहे नदीकाठच्या गाळात, हे कुणी सांगत नाही. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाचं नाव आहे, अयोध्येच्या मंदिराच्या दारांना इथूनच लाकूड गेलं. तो साग पन्नास-साठ-ऐंशी वर्षं उभा राहिलेला असतो. पंधरा वर्षांच्या झाडाला त्याचा भाव मिळायचा नाही.

सागाची मुळं पाण्यात राहिली तर झाड मरतं, कातळावर टेकली तर खुरटतं. दोन्ही तुमच्या जमिनीत असणार : वर कातळ, खाली ओढ्याची ओल. मधला पट्टा किती आणि तिथे माती किती, ते आधी बघा. मे महिन्यात तीन-चार ठिकाणी चार-चार फूट खड्डे मारा. गड्याला एक दिवसाची मजुरी जाईल, पण पुढची पंधरा वर्षं वाचतील. चार फुटांपर्यंत पहार सहज जात असेल आणि पावसाळ्यात त्या खड्ड्यात पाणी साचून राहत नसेल, तर तिथे साग लावा. नाहीतर नको.

'लाव आणि विसरून जा' हे सागाला लागू नाही. दोन बाय दोन मीटरवर लावतात, एकरी हजार झाडं. ती सगळी ठेवायची नसतात. शेंडे एकमेकांना भिडले की, साधारण पाच-सहा वर्षांनी, पहिली विरळणी : एकाआड एक ओळ तिरकी काढायची. नंतर दहाव्या वर्षाच्या पुढेमागे दुसरी. त्या वेळी वाकडी, दुबेळकी, रोगट जातात, चांगली राहतात. इथेच लोकांचा हात थरथरतो. आपण लावलेलं झाड तोडवत नाही. मग हजारच्या हजार झाडं पोलीसभरतीच्या रांगेसारखी खेटून उभी राहतात, उंच आणि काटकुळी, आणि कुणालाच घेर येत नाही. साग उजेडाचा भुकेला, डोक्यावर सावली त्याला चालत नाही.

घनफुट्या

विरळणीचा माल कोकणात विकला जातो का, हा खरा प्रश्न. पूर्वी घरांना वासे लागायचे, मांडवाला बल्ल्या लागायच्या. आता मांडव लोखंडी पाइपचे आणि छपराला पत्रा.

रंधा

फर्निचरचं काम करतो, चिपळूण भागात. खरेदीदाराच्या बाजूने लिहितो.

कोवळा साग घेऊन माणसं येतात. 'चौदा वर्षांचा आहे, भाव सांगा.' ओंडका आडवा कापून बघतो. बाहेर पांढरं, मधे सोनेरी-तपकिरी नार. पांढऱ्याचा काठ दोन बोटं असेल आणि सगळा ओंडकाच ओंजळीत मावणारा, तर नार किती उरला? पांढऱ्या भागाला किडा लागतो. चौकट बसवल्यावर वर्षभरात खाली पिवळी पिठी पडायला लागते आणि गिऱ्हाईक शिव्या मला देतं. म्हणून आम्ही पांढरं तासून टाकतो आणि भाव नाराचाच देतो. शेतकऱ्याला वाटतं लुबाडलं.

शिवाय आता आफ्रिकेतून, दक्षिण अमेरिकेतून लागवडीच्या सागाचे ओंडके कंटेनरने येतात. म्यानमारने २०१४ मध्ये कच्च्या ओंडक्यांची निर्यात बंद केल्यावर हे जास्तच वाढलं. तोही कोवळाच असतो, पण एकसारखा, मोजून, हवा तेवढा मिळतो. तुमच्या चाळीस झाडांसाठी मी ट्रक, माणसं आणि परवान्याची खटपट का करू?

माझं मत विचाराल तर फणस आणि शिवण. फणसाचं लाकूड पिवळं, जुनं होत जाईल तसं तांबूस होतं, किडा फारसा लागत नाही, देव्हाऱ्याला मागणी कायम. शिवण हलकी, रंध्याखाली लोण्यासारखी नाही पण कुरकुर न करता जाते, आणि मुख्य म्हणजे वाळल्यावर वाकत-पिळत नाही. दाराची पॅनेलं, कपाटाचे ड्रॉवर यांना शिवणीइतकं सोयीचं लाकूड मला आपल्या भागात दुसरं दिसलेलं नाही. आणि ती सागाच्या निम्म्या वेळात कामाला येते.

कातळकर

रंध्याभाऊंचं बरोबर, पण ज्याच्याकडे कातळ आहे त्याने काय करायचं? शिवण कातळावर येते का? फणस येतो का?

मी सरळ आकेशिया लावला. लोक नाकं मुरडतात. ऐंशीच्या दशकात सामाजिक वनीकरणाने रस्त्याकडेला लावला तेव्हापासून पर्यावरणवाल्यांचा त्याच्यावर राग आहे. पण जिथे गवताशिवाय काही नव्हतं तिथे माझी झाडं दहा वर्षांत तोडायला आली. गुरं तोंड लावत नाहीत, राखण नाही, अनुसूचित झाडांच्या यादीत नाही त्यामुळे परवान्याची डोकेदुखी कमी. जाड ओंडके फर्निचरला गेले, बारीक माल सरपणाला. मुलीच्या शिक्षणाला पैसे आले. कुठल्या ऐन-किंजळीने दिले असते?

सह्यवेडी

कातळकर, तुमचा हिशेब तुमच्यापुरता खोटा नाही. पण बाकीचंही सांगा ना. खाली पानांचा थर साचतो तो कुजत नाही, त्यातून गवताचं पातं येत नाही आणि फेब्रुवारीत कुणी विडी टाकली की तोच थर वणव्याला सरपण. तोडल्यावर बुंध्यातून नीट फुटत नाही, म्हणजे पुन्हा लागवडीचा खर्च. बी मात्र शेजाऱ्याच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, जाऊन रुजतं. आणि कोकणातला सडा म्हणजे 'काही नसलेली' जागा नाही, पावसाळ्यात तिथे काय काय फुलतं ते एकदा बसून बघा.

कातळकर

सड्यावरची फुलं बघायला पुण्याहून गाड्या येतात. पोराची फी भरायला कुणी येत नाही.

सह्यवेडी

हा वाद इथे संपणार नाही, वेगळा धागा काढू. वरकसदारांच्या जमिनीबद्दल मला वेगळंच सांगायचंय.

तुम्ही पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय, 'मधे मधे ऐन-किंजळीचे फुटवे'. सगळे जण काय लावायचं ते सांगतायत. तुमच्याकडे लावलेलं आहे! त्या फुटव्यांच्या खाली जुने खुंट आहेत, त्यांची मुळं कित्येक वर्षं खोल गेलेली. कवळासाठी (शेतात भाजायच्या पाला-फांद्यांसाठी), सरपणासाठी वर्षानुवर्षं छाटलं गेलं म्हणून ते झुडपासारखे दिसतात. एका खुंटावर आठ-दहा फुटवे असतात. त्यातला एक, फार तर दोन सरळ आणि जोमदार बघून ठेवा, बाकी जमिनीलगत कोयत्याने काढा. जमिनीलगतच, फूटभर वर नाही. वर फुटलेला फुटवा वाऱ्याला उन्मळतो. दोन-तीन वर्षं हीच छाटणी करा, गुरं आणि आग बाहेर ठेवा. नवीन रोपाला मुळं धरायला जो काळ जातो तो इथे वाचतो, खड्डा नाही, खत नाही, पाणी नाही.

ऐन आणि किंजळ या कोकणच्या घरांच्या खांब-तुळयांच्या झाडांना आज सरपणाच्या भावात उक्तं देऊन टाकतात, अख्खा डोंगर एका बोलीत. कारण कुणी त्यांना घेर येईपर्यंत थांबतच नाही.

आलापल्ली

ताईंचं बरोबर आहे. आमच्याकडे सागाच्या खुंटालाही असंच करतो. एकटा ठेवलेला फुटवा रोपाच्या पुढे निघून जातो. तरुण वयात तोडलेल्या झाडाचा खुंट चांगला फुटतो, म्हाताऱ्याचा भरवसा नाही.

आणखी एक, निव्वळ सागाबद्दल. उतारावर फक्त साग लावू नका. पान एवढं मोठं की पावसाचे बारीक थेंब त्यावर गोळा होऊन जाड थेंब होऊन खाली आपटतात. खाली गवत-झुडूप नसेल, वणव्यात जळालेलं असेल, तर माती उखडून वाहून जाते. आमच्याकडे पाऊस तुमच्या निम्म्याहून कमी, तरी हे डोळ्यांनी बघितलंय. तुमच्याकडे तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पडतो.

चंदनवेडा

वाचतोय. चंदनाबद्दल कुणीच बोललं नाही? सर्वात महाग लाकूड तेच ना?

मिरवेल

म्हणूनच कुणी बोललं नाही :)

चंदन अर्धपरजीवी. दुसऱ्या झाडाच्या मुळांतून रस घेतं, म्हणून सोबत आधी तूर आणि नंतर करंज, सुरू, कढीलिंब असं काहीतरी लागतं. जोरदार पाऊस आणि ओल त्याला मानवत नाही, ते कोरड्या भागातलं झाड. आणि ठाण्याला राहून देवरुखला चंदन राखणार? सुगंधी गाभा धरायला लागला की नेमकं चोरालाच आधी कळतं. तारेचं कुंपण, कॅमेरे, राखणदार हे सगळं शेवटच्या पाच-सात वर्षांत लागतं, म्हणजे खर्च तेव्हाच वाढतो.

कुडाळी

ओढ्याच्या अंगाला माणगा बांबू लावा हो. आमच्या कुडाळ-सावंतवाडीत बांधाबांधावर आहे. काटे नाहीत, काठी भरीव, शेजारची काठी न ओरबाडता तोडता येते. चार-पाच मीटरवर बेटं. चौथ्या-पाचव्या वर्षापासून दरवर्षी थोडं थोडं उत्पन्न, वीस वर्षं वाट बघायला नको. तीन वर्षांची पक्की काठी तेवढी काढायची, कोवळी ठेवायची, पावसाळ्यात बेटाला हात लावायचा नाही. २०१७ पासून खाजगी जमिनीवरचा बांबू कायद्याने 'झाड' राहिलेला नाही, त्यामुळे तोडणी-वाहतुकीची कटकटही गेली. फक्त नवीन कोंब येतात तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये गुरं आणि डुकरं सांभाळा.

वरकसदार

वा! एवढी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं. दोन शंका. मिलिया डुबिया (मलबार नीम) चं काय? आणि परवाना-बिरवाना नक्की काय प्रकार आहे? माझ्या जमिनीवर माझं झाड, तरी?

घनफुट्या

मिलिया प्लायवूडच्या पातळ थरांना जातं, सहा ते आठ वर्षांत. खोल माती आणि उन्हाळ्यात पाणी दिलं तर झपाट्याने वाढतं, मुरमाड जमिनीत रडत राहतं. लाकूड टिकाऊ नाही, म्हणजे कारखाना सोडून दुसरा गिऱ्हाईक नाही. कारखाना लांब असेल तर नफा ट्रकवाल्याच्या खिशात. तुमच्याकडे पाणी नाही. पुढे चला.

तलाठी_नव्हे

नावाप्रमाणे मी तलाठी नाही, पण या कार्यालयांत चपला झिजवल्यात.

महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे. त्याच्या अनुसूचीत साग, खैर, ऐन, किंजळ, बिबळा, फणस, आंबा, हिरडा, जांभूळ अशी झाडं आहेत. तुमच्या जमिनीवरची असली तरी परवानगी घेऊनच तोडायची. अर्जाला सातबारा, नकाशा, मग वनखात्याकडून पाहणी, झाडांवर हातोड्याची खूण, तोडीनंतर माल मोजून वाहतुकीचा पास. ओढ्याच्या काठालगतच्या झाडांना सहसा परवानगी मिळत नाही, तेव्हा तिथे विकायचं लाकूड लावूच नका. कुडाळींचा बांबू तिथे योग्य.

आत्ताच करायची दोन कामं. एक, सातबारा काढून इतर हक्कात 'खाजगी वन' असा शेरा आहे का बघा. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने कोकणात पुष्कळ डोंगर अडकलेत आणि मालकालाच माहीत नसतं. शेरा असेल तर लागवडीचा विचार करण्याआधी वकील गाठा. दोन, लावलेली झाडं दरवर्षी ई-पीक पाहणीत नोंदवा, फोटोसकट. वीस वर्षांनी 'ही झाडं जंगलातली नाहीत, मी लावलेली आहेत' हे तुम्हाला कागदावर दाखवावं लागणार आहे. आणि चतुःसीमा आधी मोजून घ्या. शेजाऱ्याची हद्द वादात असली की तोडीचा अर्ज तिथेच बसतो.

अवांतर : तिकडे दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात तर उच्च न्यायालयाचे वृक्षतोडीवर निर्बंध आहेत. लावताना कुणी सांगत नाही.

रंधा

ठेकेदार म्हणेल 'कागदपत्रं मी करतो, तुम्ही फक्त सही करा' आणि त्यापोटी निम्मा भाव कापेल. झाडं कमी असतील तर गावातल्या चार जणांचा अर्ज एकदम घाला, माल एकाच वेळी काढा. ट्रक भरतो आणि बोली लावणारे दोन-तीन जण तरी येतात. उभं झाड उक्तं देऊ नका. टेप घेऊन छातीच्या उंचीवरचे घेर वहीत लिहून ठेवा, मग बोला.

निसर्गग्रस्त

मंडणगडहून. वाऱ्याचा विचार कुणी केलेला दिसत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात आमच्या वाडीत जे साग पडले ते बहुतेक कातळावरच्या पातळ मातीतले, मुळांची पसरट चकती तशीच्या तशी उभी राहिलेली. आकेशिया मधेच मोडला. दाट, खेटून लावलेली आणि कधीच न विरळलेली ओळ तर एकीवर एक आडवी. जुन्या बांधावरचे ऐन, फणस फांद्या गमावून उभे राहिले. वरच्या बाजूला, जिथे वारा थेट लागतो तिथे उंच सोटाची झाडं नकोत एवढंच सांगतो.

वरकसदार

धागा वर काढतोय. खड्डे मारले. आलापल्ली काकांना धन्यवाद, घरातली चर्चा अर्ध्या तासात संपली.

वरच्या टोकाला दीड वीत माती, मग जांभा, पहार ठणकते. मधल्या पट्ट्यात दोन ठिकाणी चार फूट तांबडी माती, खाली मऊ मुरूम. तिसऱ्या ठिकाणी अडीच फुटांवर दगड. ओढ्यालगत काळसर, चिकट, मे महिन्यातही खाली ओल. फुटवे मोजायला चुलतभावाला लावलं, मधल्या आणि वरच्या पट्ट्याच्या सीमेवर ऐन-किंजळीचे दोनशेच्या वर खुंट निघाले, दोन बिबळेही. सातबाऱ्यावर शेरा नाही, देवाची कृपा.

तर बेत असा : खुंट राखायचे, छाटणी चुलतभाऊ करेल, निघेल ते सरपण त्याचं. मधल्या चांगल्या मातीत शिवण आणि साग मिसळून, कडेने फणस. ओढ्याला माणगा. वरच्या कातळाचं काय करू? आई अजून महोगनी म्हणते, घरामागे एक लावून देतो.

मिरवेल

फणसाची झाडं मोठी झाली की त्यांवर मिरी चढवा. लाकडाची वाट बघताना चार पैसे.

शिवणीबद्दल : बी गोळा करायचं तर आत्ताच, पिकलेली पिवळी फळं झाडाखाली पडलेली असतात. गर काढून धुऊन लगेच पेरा. रोपं गुरांना फार आवडतात, पहिली दोन वर्षं दगडी गडगा किंवा काटेरी झाप हवाच. पावसाळ्यात पानं खाणारा भुंगेरा येतो, पानांची चाळण करतो. मोठ्या झाडावर बांडगूळ दिसलं की फांदीसकट काढा.

आलापल्ली

सागाच्या जड्या (शेंडा आणि बारीक मुळं छाटलेले रोपाचे तुकडे) लावा, पिशवीतली रोपं नको. अंगठ्याएवढ्या जाडीची, वीतभर लांब जडी, पहारीने भोक पाडून सरळ उभी, शेजारची माती टाचेने घट्ट दाबायची. हवा राहिली की सडते. पहिला दमदार पाऊस झाला की लगेच. आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पानं जाळीदार झाली तर घाबरून औषध मारू नका, ती अळी दरवर्षी येते, झाड पुन्हा पालवतं. पहिली दोन-तीन वर्षं बेणणी चुकवू नका, गवत वर गेलं की साग बसला.

'टिश्यू कल्चरचा साग' म्हणून चौपट किमतीला देतील. चांगल्या झाडाची नक्कल असते ती, ठीक आहे. दीड वीत मातीत तीही खुरटतेच.

कातळकर

वरच्या कातळावर आकेशिया. (आता सह्यवेडी येतील.)

सह्यवेडी

आले! उघड्या कातळाला हात लावू नका, तिथे काही लावायचंच नाही. पण दीड वीत माती आहे त्या भागात खैर रुजतो. हलक्या जमिनीतलं झाड, काटेरी, इथलंच. चिपळूण-सावर्ड्याचा विड्यात घालायच्या काताचा धंदा त्याच्यावरच उभा आहे, म्हणजे गिऱ्हाईक घराजवळ.

तलाठी_नव्हे

खैर अनुसूचित आहे आणि चोरीही खैराचीच जास्त होते, हे धरून चाला. वाट खालून एकच असेल तर बरं.

निसर्गग्रस्त

आणि जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायचा पट्टा! पाऊस संपला की गवत वाळायच्या आत, नोव्हेंबर-डिसेंबरात. चहूबाजूंनी दहा-पंधरा फूट रुंद पट्टा गवत कापून, गोळा करून, वारा नसताना सकाळी माणसं उभी करून जाळायचा. वरच्या बाजूने गुराखी चांगल्या गवतासाठी वणवा लावतात, त्यांच्याशी आधी बोलून ठेवा. कापलेलं गवत त्यांनाच द्या.

वरकसदार

गवताची कल्पना चुलतभावाला पटली, गुराखी त्याच्याच वाडीतले आहेत. खैराची रोपं कुठे मिळतील?

सह्यवेडी

सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत आत्ताच नाव नोंदवा, जूनमध्ये गेलात तर उरलेलीच मिळतील. दापोलीच्या वनशास्त्र महाविद्यालयातही विचारा. घेताना पिशवीचा तळ बघा, मूळ गोल गुंडाळलेलं असेल तर ते रोप नको.